आयुधपूजेला पाना मागू नये

बंगळुरात वर्षातून एक दिवस असा येतो की त्या दिवशी या शहरात कोणीही कोणाला पाना देत नाही. हे ज्ञान मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी झालं. (मी जन्मापासून बंगळुरातच आहे. वडील, आजोबा, पणजोबा, सगळे इथलेच. तरीही!)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला तेव्हा दोन आजार होते, एक राग आणि दुसरा सायकल. राग काही वडिलोपार्जित नव्हता. आमचे अण्णा, म्हणजे वडील, चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते आणि त्या चाळीस वर्षांत त्यांचा आवाज मशीनच्या वर कधी चढला नाही. राग मी स्वतःच्या कष्टानं कमावलेला होता. सायकल मात्र विकत आणली होती. जाड टायरची, अठरा गिअरची, डोंगरात चालवायची. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या माणसाला डोंगर कुठं भेटणार, असं माझ्या बायकोनं, विजूनं, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यावर मी इतका ओरडलो होतो की समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

मग ऑफिसातल्या हौशी मंडळींनी शर्यत ठरवली. होसकोट्याच्या पुढं मातीचा चढउताराचा रस्ता, दसऱ्याच्या सुट्टीचा दिवस, सकाळी सात वाजता. शर्यतीला आठ महिने होते. सराव रस्त्यावर करावा तर आमच्या गल्लीतली कुत्री मला पोटऱ्यांवरून ओळखायची. तेव्हा सराव घरात करायचं ठरलं. अण्णांनी जुन्या बाजारातून लोखंडी नळकांडी आणली, त्यांना बेअरिंगं बसवली आणि एका चौकटीत तीन रूळ बसवून दिले. त्या रुळांवर सायकल चढवायची आणि पायडल मारायचं. चाकं गरगर फिरतात, माणूस घामाघूम होतो आणि सायकल हॉलमध्येच राहते.

"एवढं चालवून पोचलास कुठं?" अण्णांनी पहिल्या दिवशी विचारलं.

मी उत्तर द्यायला मान वळवली आणि रुळांवरून घसरून थेट चपलांच्या कपाटात पोचलो. अर्थात ओरडलो. चूक अण्णांची होती, त्यांनी प्रश्न विचारला होता.

त्यानंतर आठ महिने आमच्या हॉलमध्ये रोज सकाळी पिठाच्या गिरणीसारखा आवाज चालायचा. पाहुणे आले की हातवारे करून बोलायचे. विजूनं बातम्या ऐकणं सोडलं. पण मी मागं हटणार नव्हतो, कारण ऑफिसात कुलकर्णी होता. हा कुलकर्णी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आला होता, मारतहळ्ळीत राहायचा आणि मुद्दाम जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बोलायचा.

"ॲक्च्युअली श्रीनिवास, मला तुझं कौतुक वाटतं. हॉलमध्ये सायकल चालवून शर्यत! म्हणजे मी रोज आंघोळ करतो, तर मी पोहणारा झालो की रे!"

सगळं टेबल हसलं. मी डबा तसाच बंद केला. त्या क्षणी मी ठरवलं, पहिला नंबर नको, दुसरा नको, मला फक्त कुलकर्ण्याच्या पुढं असायचं आहे. हातभर पुढं असलो तरी चालेल. पण मागं वळून त्याचं तोंड बघायचं आहे. शर्यतीसाठी म्हणून मी सिंगापूरच्या मेहुण्याकडून मागचं नवं चाकही मागवलं. तिकडच्या डोंगरी सायकलींना लावतात तसलं. दुकानदारानं ते बसवून दिलं आणि मी ते ऑफिसात जाहीर करून टाकलं.

आता नवमीचा दिवस. शर्यतीचा आदला दिवस. मी सकाळी सायकल हॉलच्या मधोमध उलटी केली, शेवटची साफसफाई करायला. "माझ्या सायकलीला आज कोणी हात लावायचा नाही!" अशी घोषणा केली. मग मागच्या चाकाच्या आसाच्या टोकाला असलेली नटाची टोपी पान्यानं गोल गोल फिरवून काढली, आतली दांडी ओढून घेतली, चाक सुटं केलं आणि ते रॉकेलनं धुवायला मोरीत नेलं. अर्ध्या तासानं लखलखीत चाक घेऊन आलो. सायकल होती. दांडी होती, नट होता. पाना नव्हता.

"माझा पाना कुठं आहे?"

"देवापुढं," विजू म्हणाली.

बघतो तर काय! देवघरापुढं लाल कापड, कापडावर घरातले झाडून सगळे पाने, पकडी, हातोडी, करवत, विजूची कात्री, अगदी विळीसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर शेवंती, उदबत्ती लागलेली आणि अण्णा हात जोडून बसलेले.

"अण्णा! उद्या सकाळी सातला शर्यत आहे!"

"आसू दे की."

"मला पाना पाहिजे!"

"आज आयुधपूजा हाय, श्रीनू. आयुधं आज रजेवर. उद्या नऊला उत्तरपूजा झाली की घे. आमच्या कारखान्यात जनरल मॅनेजरबी आजच्या दिवशी पान्याला हात लावत नव्हते."

"तुमचे जनरल मॅनेजर शर्यतीला जात होते का?"

"स्वल्प शांत हो की. मी काय सांगालोय, ऐक..."

"मला काही ऐकायचं नाही!" असं म्हणून मी पायात चपला सरकवल्या. चौदा नंबरचा पाना! सबंध बंगळुरात तेवढा एकच आहे काय?

कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात गेलो. दुकानाला केळीचे खांब, आत सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर कुंकवाचा टिळा. मालक हसून म्हणाला, "इवत्तु आगल्ला सार, नाळे बन्नि." आज नाही, उद्या या! आणि माझ्या हातात चुरमुऱ्यांची पुडी ठेवली. पुढं स्कूटरचं गॅरेज. तिथंही तेच हसू, तेच "नाळे बन्नि", तीच पुडी. लोखंडाच्या दुकानात गेलो, म्हटलं विकत घेतो! तर तिथं तराजूचीच पूजा झालेली. तिसरी पुडी. सुताराकडं गेलो, वेल्डिंगवाल्याकडं गेलो, नळ दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो. आमच्या गल्लीतला न्हावी तर मी काही मागायच्या आधीच कात्र्यांकडं बोट दाखवून "नाळे" म्हणाला. माझा चेहरा बघून त्याला मी दाढीच करायला आलोय असं वाटलं असावं.

ऊन चढत होतं आणि माझा पारा उन्हाच्या पुढं होता. एका माणसानं खेकसून "नाही" म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. पण हे सगळे गोड हसत होते, कपाळाला कुंकू लावत होते आणि चुरमुरे देत होते! सात पुड्या झाल्या. मी रागानं थरथरत होतो आणि माझ्या कपाळावर सात ठिकाणचं कुंकू होतं.

आठव्या ठिकाणी, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, पूजा नुकतीच आटोपलेली होती आणि आसपास कोणी नव्हतं. समोर पान्यांची रास. तिच्यात वरच, चौदा नंबर! आता खरं सांगतो, एरवी मी दुसऱ्याच्या वर्तमानपत्राला न विचारता हात लावत नाही. पण त्या क्षणी मला कुलकर्ण्याचं तोंड दिसलं. मी हळूच पाना उचलला आणि ओढला.

मला काय ठाऊक की त्या भल्या माणसांनी सगळी हत्यारं एकाच झेंडूच्या माळेत ओवली होती! पान्याबरोबर पकड आली, पकडीबरोबर स्क्रू ड्रायव्हर, त्यामागं हातोडी, त्यामागं समई. धडाधड, खणखण, ठणण! आतून मालक आणि त्याचे दोन कामगार धावत आले. मी गुडघ्यावर, हातात पाना, गळ्यात झेंडूची माळ.

मालकानं आडवी पडलेली समई उभी केली. मग शांतपणे म्हणाला, "सार, भक्ती चांगली आहे. पण प्रदक्षिणा बाहेरून घालायची असते."

मला परका समजून तोडक्यामोडक्या हिंदीत बोलला, पण बोलला. आणि आठवी पुडी दिली! मी तिथून जो निघालो तो दारात फोडलेल्या कोहळ्यावरून घसरलो आणि रस्त्यावर बसलो. उठताना ज्यानं हात दिला त्या रिक्षावाल्यावरसुद्धा मी ओरडलो.

आता एकच उपाय उरला होता आणि तो कडू होता. पुण्याच्या माणसाला हे पान्याच्या रजेचं प्रकरण ठाऊक नसणार. टेलिफोन बूथमध्ये शिरून मी कुलकर्ण्याला फोन लावला.

"कुलकर्णी, चौदा नंबरचा पाना आहे का तुझ्याकडे?"

"आहे ना! पण कशाला रे?"

"मागचं चाक बसवायचंय."

"कुठलं? ते सिंगापूरचं? अरे बाबा, डोन्ट टेल मी! त्याला पाना कशाला..."

"आहे की नाही तेवढं सांग! फुकटची अक्कल नको!"

"अरे, पण ऐक तर, त्या चाकाला..."

मी फोन आपटला. (बूथवाल्यानं त्या फोनलासुद्धा हार घातला होता. माझ्या आपटण्यानं हाराची फुलं गळली आणि तो बिचारा ती गोळा करत बसला.) शर्यतीच्या आदल्या दिवशी मला चाकं शिकवतो! उद्या याला धूळ चारल्याशिवाय राहणार नाही, असं म्हणत मी घरी आलो. धूळ चारायला सायकलीला दोन चाकं लागतात, ही गोष्ट रागात बाजूला राहिली.

घरात अण्णा वाट बघत बसले होते. पुढ्यात हळदकुंकवाचं ताट आणि एक लिंबू.

"श्रीनू, चाक लाव की. सगळ्याची पूजा झाली, तुझ्या सायकलीचीच राहिली. अर्ध्या गाडीची पूजा करत नाहीत."

मला वाटलं माझ्या डोक्यातली शीर तुटते आता.

"लावू कशानं? दातांनी लावू?"

"दात कशाला? हातानं लाव."

"हातानं!" मी ओरडलो. "चेष्टा करताय माझी? आठ महिने घाम गाळला मी! दिवसभर शहरभर भीक मागून आलो! आणि तुम्ही म्हणता हातानं लाव?"

"अहो, ऐका की," विजू मधे पडली, "अण्णा काय सांगतात ते तरी..."

"एक अक्षर बोलू नका कोणी!"

अण्णांनी ताट उचललं. विजूनं केळीची पानं मांडली, होळिगे वाढली, म्हणजे आपली पुरणपोळी. मी ती खाल्ली नाही. तूप घातलेली होती, गरम होती, वास हॉलभर पसरला होता आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. माझ्यावर अन्याय झाला होता आणि अन्याय झालेला माणूस पुरणपोळी खात नाही, असा माझा समज होता.

दसऱ्याच्या सकाळी सहा वाजता मी शर्यतीचे कपडे घालून खुर्चीवर बसलो. साडेसहा झाले. सात झाले. होसकोट्याच्या पुढं शिट्टी वाजली असणार. कुलकर्ण्यानं पायडल मारलं असणार. माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या. मला रडू येत होतं, पण शर्यतीच्या कपड्यांत रडणं बरं दिसत नाही म्हणून मी दात खात बसलो.

नऊ वाजता अण्णांनी उत्तरपूजा केली, फुलं काढली, पाना पुसला आणि माझ्यापुढं धरला. रात्रभर उपाशी राहिल्यानं माझा आवाज बसला होता. म्हणून, केवळ म्हणून, मी हळू बोललो.

"अण्णा, तुम्हीच लावता का जरा? माझे हात थरथरतात."

"सरी, सरी, लावतो की. पण मग हा नको," म्हणून अण्णांनी पाना परत खाली ठेवला.

त्यांनी चाक जागेवर बसवलं. दांडी आरपार घातली. एका बाजूची टोपी बोटांनी फिरवली. दुसऱ्या बाजूला दांडीच्या टोकाला एक चकचकीत खटका होता, जो मी आजवर शोभेचा समजत होतो. तो त्यांनी तळहातानं दाबून आडवा केला. खट्! चाक पक्कं बसलं. मी एक ते वीस मोजायच्या आत.

"झालं?"

"झालं. ही दांडी हातानं काढायची आणि हातानं लावायची, म्हणूनच तर तिकडं बनवलीय. पाना नसलेल्या जागी चाक काढता यावं म्हणून."

"मग काल का नाही लावून दिलंत?"

"सायकलीला कोणी हात लावायचा नाही म्हणालास की."

मी विजूकडं बघितलं. तिनं अण्णांकडं बघितलं. सकाळी सातपर्यंत चाक बसवायला माझ्याकडं दोन हात होते, दहा बोटं होती आणि अख्खी रात्र होती. मला असा राग आला, असा राग आला म्हणता! मी ओरडायला तोंड उघडलं, एकेकाचा चेहरा बघत गेलो, आणि ध्यानात आलं की ज्याच्यावर ओरडावं असा त्या खोलीत मी सोडून एकही माणूस नाही.