लॅपटॉपला लागलेला शेवटचा हात

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय त्या बाजूला वळतोय असं दिसलं की मी चप्पल घालून खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायचो. घरात आजही गिझर तापला नाही किंवा मिक्सर अडकला की कुणीतरी म्हणतं, "सूनबाईंचा हात लागला वाटतं." सगळे हसतात, तीही हसते. मला तेवढं हसू येत नाही.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. लातूरकडून आलो तेव्हा हेल्पर होतो, निवृत्त झालो तेव्हा अख्खं खातं माझ्या शब्दावर चालायचं. मशीन बंद पडली की पाना उचलायच्या आधी मी विचारायचो, "शेवटचा हात कुणाचा लागला?" निम्मे दोष त्या एका प्रश्नात सापडायचे. माणूस खरं बोलला तर पाच मिनिटांचं काम, लपवलं तर सगळी शिफ्ट वाया. नव्या पोरांना मी हेच शिकवलं. घरीसुद्धा इतक्यांदा म्हटलं की मुलाला ते तोंडपाठ झालं.

तेव्हा आम्ही काळेवाडीची भाड्याची जागा सोडून मोशीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मुलगा चाकणला शिफ्टमध्ये जायचा. सून बी.कॉम. झालेली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ती मला मामा म्हणते. स्वयंपाक, धुणं उरकून ती दुपारी लॅपटॉपवर हिशेबाच्या कामाचा कोर्स करायची. लॅपटॉप जुना होता, मुलाच्या कंपनीने मोडीत काढलेल्यांपैकी एक, पाटासारखा जाड. त्यावरच तिने अर्ज केले आणि एका कंपनीतून बोलावणं आलं. काम घरी बसून करायचं. मुलाखत ऑनलाइन, आणि तिच्यासोबत एक परीक्षा, ती लॅपटॉपवरच द्यायची. तारीख ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

खंडेनवमीला कारखान्यात आम्ही मशिनी आरशासारख्या पुसायचो. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. त्या दिवशी मशीन विसावा घेते, तिला कुणी चालू करत नाही. निवृत्तीनंतर मी हा रिवाज घरात आणला. पक्कड, टेस्टर, शिलाई मशीन, मुलाची बाईक, सगळं पुसून पूजेला मांडायचो. त्या वर्षी मी लॅपटॉपही मागितला.

"मामा, त्याला हळदकुंकू नका हं लावू. नुसतं फूल वाहा," सून म्हणाली.

"अगं, चाळीस वर्षं मशिनी पुसल्यात मी."

"त्या मशिनींना कीबोर्ड नव्हता," आतून माझी बायको म्हणाली. "मागच्या वर्षी मिक्सर पुसला, तो तेव्हापासून बंद, अजून नुसता पुसलेलाच आहे." दोघी हसल्या. मला ते जरा लागलं.

मी जुना टूथब्रश घेऊन लॅपटॉपच्या सगळ्या कडा, सगळ्या खाचा घासून काढल्या. मग फूल वाहिलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून झाकणाच्या पुढच्या काठावर हळदीचं एक बोट टेकवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सून म्हणाली, "मामा, जरा चालू करून बघते. उद्या ऐन वेळी काही व्हायला नको."

मी म्हणालो, "पूजेला बसवलेलं हत्यार सोनं वाटून झाल्याशिवाय उचलत नाहीत. सकाळी बघ."

सोनं वाटायला लोक रात्रीपर्यंत येत राहिले. तिने माझा शब्द मोडला नाही.

सकाळी ती साडी नेसून, केस बांधून टेबलाशी बसली. लॅपटॉप सुरू झाला, पण इंटरनेट लागेना. खाली कोपऱ्यातल्या चिन्हावर लाल फुली. मुलगा सेकंड शिफ्टला होता म्हणून घरीच होता. त्याने भिंतीवरचा राउटर बंद करून चालू केला. दिवे हिरवे झाले. आमच्या मोबाइलवर नेट चालू होतं. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला, तरी फुली तशीच.

त्याने नेटवाल्याला फोन लावला. स्पीकरवर तो माणूस म्हणाला, "मोबाइलला चालतंय ना दादा? मग लाइन ओके आहे. तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम आहे."

"माझ्या फोनचं हॉटस्पॉट देतो, थांब," मुलगा म्हणाला. लॅपटॉपला तेही दिसेना. "अण्णा, बघा ना, लिस्टच कोरी. एरवी शेजारच्या सगळ्यांची नावं येतात."

मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होतो. लिस्टच कोरी म्हटल्यावर माझं डोकं जुन्या सवयीने चालू लागलं. राउटर ठीक, फोन ठीक, शेजारीपाजारीही दिसत नाहीत. म्हणजे दोष बाहेर नाही, लॅपटॉपचे कानच बंद झालेत. कुठेतरी स्विच आहे. मी खाली बसलेला, त्यामुळे टेबलावरच्या लॅपटॉपची पुढची कड नेमकी माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या कडेला नखाएवढं एक सरकतं बटण होतं. खुर्चीवर बसणाऱ्याला ते दिसायचं नाही. शेजारी अँटेनाचं बारीक चित्र. बटण डावीकडे सरकलेलं होतं आणि उजवीकडे मोकळ्या झालेल्या खाचेत हळद बसली होती.

माझा टूथब्रश. माझं बोट.

वेळ अजून हातात होता. हात लांब करून ते बटण उजवीकडे ढकललं असतं की झालं. मी उठलो, पुन्हा बसलो, खिडकीशी गेलो, परत आलो. हात पुढे केला तर सगळे विचारणार, तुम्हाला कसं कळलं? मिक्सरची गोष्ट पुन्हा निघणार. चाळीस वर्षं मशिनी पुसल्यात म्हणालो होतो मी. मनाशी ठरवलं, ती क्षणभर उठू दे, गुपचूप सरकवतो. ती काही उठली नाही. तिने पदराने घाम टिपला आणि पुन्हा पासवर्ड घातला. घड्याळ पुढे जात होतं आणि मी पाणी प्यायला उठत होतो, तहान नसताना.

मुलगा वैतागला. "अण्णा नेहमी विचारतात तेच विचारतो. याला शेवटचा हात कुणाचा लागला?"

माझा प्रश्न. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"माझाच असणार," सून म्हणाली. "मामांनी तर बंद असताना नुसता पुसला. त्याआधी काहीतरी अपडेट आलं होतं, मी हो म्हटलं. त्यानेच बिघडलं असेल."

"न वाचता हो कशाला म्हणतेस? कुठलंही बटण दाबायचं आपलं!"

तिने लॅपटॉप पुन्हा बंद करून लावला. मी पुन्हा पाणी प्यायला उठलो.

शेवटी ती मोबाइलवरून मुलाखतीत शिरली. पलीकडची बाई गोड बोलली. परीक्षा मोबाइलवर घेता येत नाही, आज इतर उमेदवार आहेत, कळवू म्हणाली. सुनेने "थँक यू मॅडम" म्हटलं, फोन उलटा ठेवला आणि त्याच साडीत आत जाऊन कणीक मळायला घेतली. त्यांचं कळवणं कधी आलं नाही.

मुलगा अंघोळीला गेल्यावर मी बटण सरकवलं. निळा दिवा लागला. शेजाऱ्यांची नावं एकाखाली एक उमटली. रुमालाच्या टोकाने मी खाचेतली हळदही काढली. ते मात्र फार नीट केलं.

"लागलं? आपोआप?" मुलाने बाहेर येऊन विचारलं.

"व्होल्टेजचं असेल," मी म्हणालो.

त्या दिवसापासून तिच्या हाताला मशीन मानवत नाही हे घरात पक्कं झालं. आधी थट्टा होती, मग तिलाही ते खरं वाटू लागलं. तिने अर्ज करणं सोडलं. "मला नाही जमत मामा, माझ्या हातून काहीतरी होतंच." आता ती चाकणच्या एका गोदामात पॅकिंगला जाते. दिवसभर उभ्याचं काम. घरी आली की जिन्यात थांबून पोटऱ्या दाबते आणि मगच बेल वाजवते. मला ते दारामागे कळतं.

लिहायला आज बसलो, कारण या खंडेनवमीला तिनेच तो जुना लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. आता तो कुणी वापरत नाही. "मामा, हाही पुसा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही," म्हणाली. मी तो उलटा धरला, बटणावर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "सूनबाई, जरा बस. त्या दिवशी..."

खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "आल्यावर सांगा हं," म्हणत ती डबा उचलून जिना उतरली. संध्याकाळी आली तेव्हा मी खाली बाकावर जाऊन बसलो होतो.

बाकावर बसून जे पुटपुटत होतो ते इतकंच होतं: पोरी, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. बटण माझ्या हाताने सरकलं, ते मला वेळेत दिसलं होतं, आणि मी बोललो नाही. मला माफ कर.