चौदा जणांनी न केलेली सही

मुरुडच्या रेहाना मुकादमने सोळा वर्षं फोनवर लोकांचं ऐकून घेण्याचं काम केलं. एका आरोग्य विमा कंपनीच्या मदत केंद्रात ती होती. आधी बेलापूरच्या ऑफिसात, करोनानंतर मुरुडच्या घरातूनच. पेशंट दवाखान्यात दाखल होतो, विम्याची मंजुरी कुठेतरी अडकते, नातेवाईक घाबरून फोन करतात. त्यांना सावरून घ्यायचं, कागद कुठला हवा ते समजावायचं, मंजुरी मिळवून द्यायची. तिच्या हाताखाली तेरा जण होते आणि प्रत्येकाला तिने पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती: फोन आधी समोरच्याने ठेवायचा, आपण नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने फोनवर उत्तरं देणारं एआय आणलं. मोठे साहेब पडद्यावर येऊन म्हणाले, "हे तुमची जागा घेणार नाही, तुमचा भार हलका करणार आहे." रेहानाने विश्वास ठेवला. आठ महिने ती आणि तिची माणसं स्वतःचं काम सांभाळून त्या एआयची उत्तरं तपासत होती, चुकलेली दुरुस्त करत होती. मग एके दिवशी तेच एआय त्यांना गुण द्यायला लागलं. फोन लवकर संपला की गुण जास्त, लांबला की कमी. रेहानाने मॅनेजर देवव्रत यांना तीन मेल पाठवल्या, की गुण देण्याची ही पद्धत चुकीची आहे. पहिल्या दोन मेलना उत्तर नाही. तिसरीला अंगठ्याचं चित्र आलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहाला सगळ्यांना ऑनलाइन मीटिंगला बोलावलं. देवव्रत यांनी समोरचा कागद वाचून दाखवला. हा विभाग बंद होतोय, आजचा शेवटचा दिवस. बाकी सगळ्यांचे माइक कंपनीनेच बंद करून ठेवले होते, त्यामुळे कुणाला काही विचारायचं असलं तरी विचारता येईना. चार मिनिटांत मीटिंग संपली. पाठोपाठ पत्र आलं. त्यात कारण लिहिलं होतं, "कामगिरी असमाधानकारक आढळल्यामुळे." शुक्रवारपर्यंत मान्य आहे म्हणून सही करून पाठवायची होती.

दुपारी नागावहून श्रद्धाचा फोन आला. तेरा जणांत सगळ्यात लहान ती.

"ताई, हे पत्र दाखवल्यावर मला दुसरीकडे कोण घेईल?" ती म्हणाली. मग हळूच, "आणि मी खरंच वाईट काम करत होते का?"

"नाही," रेहाना म्हणाली.

"मग हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे ना."

रेहानाचा नवरा हमीद बंदरावर बर्फ पुरवायचं काम करतो. आधी वीस वर्षं कुवेतला होता. संध्याकाळी त्याने पत्र वाचलं, चष्मा काढला. "माझी नोकरी दोनदा गेली," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला शेठ म्हणाला, काम संपलं. तुझं काम खराब होतं, असं कुणी लिहून दिलं नाही. हे वेगळं आहे, रेहाना."

तिलाही तेच खुपत होतं. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण कंपनीला माणसं नको झाली होती आणि कागदावर दोष माणसांचा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी तिने तेरा जणांना एकेक करून फोन केला. ते वाक्य बदलेपर्यंत सही करायची नाही, असं तिचं म्हणणं होतं. चौलचा प्रणय घाबरला. त्याची मुलगी अवघी तीन महिन्यांची.

"तू सही केलीस तरी मी रागावणार नाही," रेहाना त्याला म्हणाली. "घर तुला चालवायचंय."

दोन तासांनी त्याचाच फोन आला. "नाही करत, ताई. माझं नाव धरा."

चौदा जणांच्या नावाने एक मेल गेली. शुक्रवार उलटला, एकही सही आली नाही. सोमवारी कंपनीने रेहानाला बोलावलं. पहाटेची एसटी धरून ती निघाली, वाटेत नागावला श्रद्धा चढली. बेलापूरच्या ऑफिसात देवव्रत होते आणि पडद्यावरून बोलणारे तेच मोठे साहेब या वेळी समोर खुर्चीत होते.

"भावनेवर कंपनी चालत नाही," साहेब म्हणाले. "गुण आकड्यांत आहेत."

"तेच दाखवायला आले, सर," रेहाना म्हणाली. चुकीचे गुण मिळालेले कॉल ती वहीत टिपून ठेवायची, त्यातली एक तारीख आणि फोनचा नंबर तिने सांगितला. "हा श्रद्धाचा कॉल. दहापैकी दोन गुण. तुम्ही एकदा ऐका."

देवव्रत यांनी तो शोधून लावला. श्रीवर्धनकडचे एक म्हातारे गृहस्थ. बायको पनवेलच्या दवाखान्यात, ऑपरेशन थांबलेलं. श्रद्धाने मागितलेला कागद खालच्या औषधाच्या दुकानात राहिला होता. "मी आणतो, पण तू फोन ठेवू नको," असं सांगून ते जिना उतरले. पुढची अकरा मिनिटं नुसती शांतता. एआयने तिथे शेरा मारला होता, 'कर्मचारी निष्क्रिय'.

पण नीट ऐकलं तर ती शांतता पूर्ण नव्हती. दर मिनिटा-दीड मिनिटाने श्रद्धाचा आवाज येत होता. "आजोबा, मी आहे हं. सावकाश या." शेवटी धाप टाकत ते परत आले, एकेक अक्षर लावून त्यांनी कागद वाचला, आणि फोन संपायच्या आत मंजुरी निघाली.

श्रद्धा मान खाली घालून बसली होती. तिने स्वतःचा तो आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

"असे अजून एकसष्ट आहेत," रेहाना म्हणाली, "सगळ्यांचे. माणसं नको असतील तर तसं लिहा, ते तुमच्या हातात आहे. ही वाईट काम करत होती, हे मात्र मी लिहू देणार नाही. तिला काम मी शिकवलंय."

साहेब पाणी प्यायले. मग देवव्रत यांच्याकडे बघून म्हणाले, "वाक्य बदला."

आठवड्याभरात चौदा नवी पत्रं आली. कारण, 'पदे रद्द केल्यामुळे'. खाली प्रत्येकाच्या कामाबद्दल दोन चांगल्या ओळी. त्या रेहानानेच लिहून दिल्या होत्या, त्यासाठी ती एक दिवस आणि एक रात्र बसली होती. नोकरी मात्र कुणाची परत मिळाली नाही. फक्त रेहानाला विचारलं, एआयवर देखरेख करायला परत येता का.

"गुण द्यायची पद्धत बदलणार का?" तिने देवव्रत यांना विचारलं.

"ते वरून ठरतं."

"मग मी येऊन काय करू?"

नंतरचे तीन महिने सोपे गेले नाहीत. सवयीने साडेनऊला ती टेबलापाशी जाऊन बसायची आणि काही सुचायचं नाही. मग अलिबागच्या एका दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर काम मिळालं. आता माणसं तिच्या समोर येऊन बसतात. श्रद्धाला पनवेलला नोकरी लागली, ते पत्र दाखवूनच. प्रणय अजून शोधतोय. दर रविवारी रेहाना त्याच्या अर्जावर नजर फिरवते.

परवा नात्यातल्या एका निकाहात कुणी चुलत सासऱ्याने विचारलं, "काय हमीद, रेहानाची कंपनीतली नोकरी गेली म्हणे?"

"गेली," हमीद ताठ बसून म्हणाला. "पण त्याआधी तिने तेरा जणांची पत्रं कंपनीला परत लिहायला लावली."

रेहाना बायकांच्या पंगतीतून उठून चालली होती. तिने ते ऐकलं आणि थांबली.

"चौदा," ती म्हणाली. "एक माझंही होतं."