भावोजींनी कापलेली कादंबरी

माझे भावोजी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात आहेत. नळाला पाणी नाही, पाइप फुटला, मीटर बंद पडला, कुठलीही तक्रार येवो, ते जागचे न हलता तिच्यावर लिहितात, ‘पाहणी केली, दोष आढळला नाही.’ अशी सव्वीस वर्षं झाली. कार्यालयात त्यांना लेखक मानतात. एकच वाक्य इतक्या वेळा लिहिलेला माणूस दुसरा सापडणार नाही, तेव्हा मानोत बापडे.

कार्यालयाचं नाट्यमंडळ त्यांच्याच मुठीत. दिग्दर्शक ते, मुख्य नट ते, आणि शेवटी नमस्कार करायला सगळ्यांच्या दोन पावलं पुढे तेच. मी मेहुणा, म्हणून फुकटात प्रकाशयोजना बघतो. आणि माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, डाव्या विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करते. इतर मंडळांत प्रॉम्प्टर अडलेल्याला शब्द देतो. इथे अडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पाठांतराचे कष्ट भावोजींनी कधी घेतलेच नाहीत. ताई विंगेतून वाक्य टाकायची, ते उचलायचे आणि हात पसरून प्रेक्षकांवर भिरकावायचे. कानातून आत, तोंडातून बाहेर, मध्ये डोक्यात थांबा नाही. त्यांच्या संवादांमधल्या विरामांचं लोक कौतुक करायचे. तो विराम म्हणजे ताईला वाक्य सांगायला लागणारा वेळ.

ताई लग्नाआधी नाटकांत कामं करायची. उगीच बहीण म्हणून सांगत नाही, ती स्टेजवर आली की बाकीचे सामानासारखे वाटायचे. लग्नानंतर भावोजी म्हणाले, ‘पुढच्या वर्षी तुला भूमिका नक्की.’ वीस वर्षं झाली, ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

यंदा त्यांनी जाहीर केलं, एका गाजलेल्या जुन्या कादंबरीचं रूपांतर करायचं. सहाशे पानांची कादंबरी. लेखकाला जाऊन शंभर वर्षं झाली, तेव्हा परवानगी मागत फिरायला नको, एवढंच त्यामागचं साहित्यप्रेम. पण कादंबरी ताईच्या जिवाभावाची निघाली. लाकडाचा धंदा करणाऱ्या घरातली थोरली सून पंचवीस वर्षं सगळं घर ओढते, मूग गिळून बसते, आणि शेवटी सासऱ्यासमोर उभी राहून एकदाच बोलते. पानभर बोलते. ते पान ताईला तोंडपाठ आहे.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही.

“थोरली मी करणार,” ती म्हणाली. “या वेळी स्पष्ट सांगितलंय त्यांना. हो म्हणालेत. प्रॉम्प्टिंगला दुसरं कुणीतरी बघा म्हटलं.”

पंचेचाळिशीची बाई, पण खोलीभर नुसत्या येरझारा घालत होती. मला मनापासून आनंद झाला, आणि भावोजींबद्दल क्षणभर बरंही वाटलं. चूक माझीच.

भावोजींनी कादंबरी वाचली नाही. वाचायची कशाला? नाटक म्हणजे संवाद, आणि संवाद अवतरणचिन्हांत सापडतात. त्यांनी ताईच्या कपाटातली प्रत काढली, कात्री घेतली, आणि एका रविवारी दुपारी अवतरणचिन्हांतला तेवढा मजकूर कापून कार्यालयाच्या जाड रजिस्टरमध्ये खळीने चिकटवून टाकला. पुस्तकाचं पान दोन्ही अंगांनी छापलेलं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वरची बाजू नाटकात आली, खालची खळीत गेली. परिणामी पहिल्या अंकात वारलेले काका दुसऱ्या अंकात जावयाशी कडाकडा भांडू लागले. मंडळात कुणी हूं की चूं केलं नाही. काकांचं काम उपअभियंत्यांकडे होतं, आणि वाढीव वाक्यं मिळाल्यामुळे ते खूश होते.

थोरलीचं पानही असंच उलटं चिकटलं. वर दोन नोकरांची थट्टामस्करी, खाली ती.

“थोरली?” पहिल्या तालमीला भावोजी म्हणाले. “अगं, ती अख्ख्या कादंबरीत एक अक्षर बोलत नाही. मुकी बाई स्टेजवर उभी करून काय करू? काढून टाकली.”

“ती बोलते,” ताई म्हणाली. “शेवटी बोलते.”

“कुठे? दाखव.” त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. “झाडून सगळे संवाद यात आहेत. मी स्वतः पाहिलेत.”

ताईने पानं उलटली. नोकरांच्या संवादापाशी थांबली, आणि त्या कागदाची कड नखाने उचकटू लागली. खळ पक्की होती. कोपरा फाटून हातात आला.

“अगं, फाडतेस काय? मूळ संहिता आहे ती.”

“हे माझं पुस्तक होतं,” ताई म्हणाली.

तक्रार निकालात निघाली. वर तिच्या तोंडाला पानं पुसायला म्हणाले, “आणि प्रॉम्प्टिंग तुझ्याशिवाय जमणार कुणाला? ते खरं अवघड काम.” मी तिथेच बसून वायरी गुंडाळत होतो. त्यांच्या अकलेला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या आणि वायरी गुंडाळत राहिलो.

कार्यालयांच्या नाट्यस्पर्धेतला आमचा प्रयोग सकाळी अकराला होता. समोर तीन परीक्षक, आणि आपला नंबर यायची वाट बघणारे इतर कार्यालयांचे नट. नाटक रडतखडत शेवटाला आलं. शेवटचा प्रवेश भावोजींचा, म्हणजे सासऱ्याचा. रिकामं घर, म्हातारा एकटा, आणि जगाच्या कृतघ्नपणावर लांबलचक स्वगत. मी उजव्या विंगेत होतो. बाकी सगळा अंधार केला आणि हातातला स्पॉट त्यांच्यावर धरला. समोरच्या विंगेत, छोट्या दिव्याच्या उजेडात ताईने मांडीवरचं रजिस्टर मिटलं.

“मामंजी,” ती हलकेच म्हणाली.

“मामंजी!” भावोजी गरजले.

“या घरात मी आले, त्याला पंचवीस वर्षं झाली.”

त्यांनी तेही उचललं, ‘आले’सकट. मला हसू फुटलं. आता सापडला, म्हटलं. त्यानंतर मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर म्हणून हलवली नाही.

“तुम्ही मला हाक मारलीत, ती कामापुरती. मला काय हवंय, हे एकदाही विचारलं नाहीत. मी गप्प होते, म्हणून मला सांगण्यासारखं काही नाही, असं तुम्ही धरून चाललात.”

एकेक वाक्य विंगेतून येत होतं आणि एकेक वाक्य हा माणूस छातीवर हात ठेवून सभागृहाला ऐकवत होता. आता अडखळेल, आता कान लाल होतील, म्हणून मी डोळे फाडून बघत होतो. कसचं काय! पानभर मजकूर त्यांनी बिनचूक म्हटला, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं, आणि पडदा पडायच्या आत टाळ्यांचा कडकडाट झाला.

परीक्षक म्हणाले, ‘सुनेचं मनोगत सासऱ्याच्या तोंडी घालणं ही रूपांतरकाराची मोठी झेप आहे.’ रूपांतराचं पहिलं बक्षीस भावोजींना, अभिनयाचंही त्यांनाच. माइक हातात आल्यावर ते लाजल्यासारखं करून म्हणाले, “तो भाग मला ऐनवेळी सुचला.”

मी हसत हसत डाव्या विंगेत गेलो. ताई स्टुलावर बसली होती.

“ताई, काय जिरवलीस गं त्यांची!”

“कुणाची जिरली?” ती म्हणाली. “एवढं एक पान होतं माझं. तेही त्यांच्याच तोंडून गेलं.”

“मग उठून पुढे यायचंस, आणि स्वतःच म्हणायचंस.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

“उठले होते रे. दुसऱ्या वाक्यालाच उठले. विंगेतून बाहेर, चांगली चार पावलं स्टेजवर आले होते. तिथे उभी राहूनच सगळं म्हटलं. अंधार होता. दिवा तुझ्या हातात होता, आणि तू त्यांच्याकडे बघून हसत होतास.”