अनंताचे शेंडे

मुकुटबनच्या रुखमाबाईंनी अंगणात अनंताचं झाड लावलं त्याला चार वर्षं झाली, आणि चार वर्षांत त्या झाडाने त्यांना एक फूल दाखवलं नाही. पानं हिरवीगार, अंगाने गच्च, असं तुकतुकीत की येणारा-जाणारा म्हणायचा, "वा बाई, काय झाड हाय!" हे ऐकलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. झाड काय पानांची भाजी करायला लावलं होतं?

फुलं हवी होती ती बुद्धपौर्णिमेसाठी. शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. बाग करायला उसंत कुठली? विहारात वाहायची फुलं दरवर्षी कोणाच्या तरी कुंपणातून मागून आणायची. एका वर्षी एक बाई फटकन बोलली, "दरसाल मागायले येता, घरी एक झाड नाही लावता येत काय?" ते बोलणं असं जिव्हारी लागलं की खिचडीचं काम सुटलं त्याच महिन्यात बाई यवतमाळला गेल्या आणि एसटीत अनंताचं रोप मांडीवर घेऊन परत आल्या. आपल्या अंगणातली पांढरी, घमघमणारी फुलं ताटात घेऊन विहाराची पायरी चढायची, एवढंच त्यांना हवं होतं.

रोप लावताना नवरा डोमाजी जवळ आले. चाळीस वर्षं लोकांच्या कपाशीत राबलेला माणूस. "आळं जरा मोठं कर," एवढंच म्हणाले, तर बाई उसळल्या, "तुमाले कापसाबिगर काय समजते? हात नका लावू माह्या झाडाले." डोमाजी खाटेवर जाऊन बसले.

मग बाईंनी गाव पालथं घातलं. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, काळ्या मातीत अनंत रुसतो. तर काळी माती उपसून लाल माती भरली. कृषी केंद्रवाल्याने कसलीशी पुडी दिली, ती टाकली. नागपूरच्या भाचीने फोनवरून ताक ओतायला सांगितलं, तर दोन महिने घरात कढी झाली नाही. उन्हाळ्यात जुन्या लुगड्याची सावली केली. झाड नुसतं फुगत गेलं. शेवटी बाई त्याच्याशी भांडायच्या, "काहून बे, काय कमी केलं तुले?"

यंदाही पौर्णिमेच्या सकाळी मागून आणलेली तगर घेऊन त्या विहारात गेल्या. आत पाऊल टाकलं तोच वास आला. तो वास त्यांनी रोप घेताना एकदाच घेतला होता, पण विसरला नव्हता. शेजारच्या साधनाच्या ताटात अनंताची पाच टपोरी फुलं होती.

"कुठून आणले वं?" बाईंचा आवाज चिरकला.

"तुमच्याच झाडाचे, काकू! भिंतीवरून एक फांदी आमच्याकडे उतरली ना, तिले लागले. एकेका शेंड्याले एकेक फूल. मले वाटलं, तुमच्याकडे तं ढीग असन."

वंदना झाली. बाईंचे हात जोडलेले होते, चित्त मात्र भिंतीपाशी होतं. घरी येताच त्यांनी फांदी न् फांदी धरून पाहिली. भिंतीच्या अलीकडचा एकेक शेंडा खुडलेला होता. किडीने खाल्लेला नव्हे, नखाने मोडलेला.

"हे कोणं केलं?"

डोमाजी खाटेवर सुपारी कातरत होते. कौतुकाची थाप मिळेल अशा अपेक्षेने म्हणाले, "मी खुडतो ना. तू बाजारात गेली का. दिवाळीपासून होळीपर्यंत, जो शेंडा वर आला तो खुडतो. कपाशीचे नाही खुडत काय? शेंडा मोडला का झाड भरते, अन् भरलं का माल लागते. लोकं उगाच नाव काढते काय तुह्या झाडाचं?"

"अनंताले शेंड्यावरच फूल येते! चार वर्सं तुमी माह्या कळ्या खुडून राह्यले! मले इचारलं काहून नाही?"

डोमाजींचा अडकित्ता थांबला. "तूच तं म्हणली, हात नको लावू, तुमाले काय समजते. मंग तुले दाखवून कसं करू?" मग सुपारी बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "तू तं साऱ्या गावाले इचारलं. मले इचारलं काय एकडाव तरी?"

बाईंनी मनातल्या मनात मोजलं. रोपवाटिकेला विचारलं, दुकानदाराला विचारलं, नागपूरला फोन केले. घरातल्या घरात, खाटेपासून झाडापर्यंत दहा पावलं. त्यांना भयंकर राग आला, आणि त्यातला किती कोणावर काढावा तेच कळेना. पुढची पौर्णिमा आता एक वर्षावर.

"मंग आता काय करू मी?" डोमाजींनी विचारलं.

"काही नका करू. सालभर काहीच नका करू."

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर बाई चहा घेऊन बाहेर आल्या. डोमाजी झाडाभोवती फिरत होते, एकेका शेंड्यापाशी थांबत होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.