हौसेरावांची बॅच फाईल

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या आमच्या ऑफिसात हौसेरावांच्या बॅच फाईलला, म्हणजे त्यांनी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला, देवाच्या खालोखाल मान. पत्र्याच्या कॉइलचा नंबर टाकला की ती आधी त्यातली अक्षरं मोजते. दहा भरली तरच ट्रकचा गेटपास निघतो. आता बॅच फाईलमध्ये लांबी मोजायची रेडीमेड कमांड नसते. म्हणून शेवटून एकेक अक्षर कापायचं आणि काहीच उरत नाही तोवर मोजत जायचं, ही युक्ती हौसेरावांनी बसवली. बारावी नापास माणूस, स्वतःच्या जिवावर शिकला. मला कौतुक होतंच, पण अहो, ताठा किती असावा!

दोन महिन्यांपूर्वी अबोली कामाला लागली. तिचे नंबर फाईल सतत परत करायची, अकरा अक्षरं आहेत म्हणून. ट्रक यार्डात ताटकळायचे, ड्रायव्हर शिव्या घालायचे. शेवटी शेठ वैतागले आणि तिला म्हणाले, सोमवारपासून येऊ नकोस. पोरगी रडकुंडीला आली. हौसेरावांना विनवत होती की बोटाने मोजून बघा, दहाच आहेत. हे बघतील तर शपथ! फाईल चुकत नाही म्हणे.

माझं डोकंच फिरलं. "मग विचारा ना तुमच्या फाईलला, अकरावं कुठलं ते," मी म्हटलं.

रागारागाने त्यांनी फाईल उघडली आणि कापलेलं प्रत्येक अक्षर कंसात दाखवणारी ओळ घातली. पहिलाच कंस रिकामा निघाला. अबोली नंबर व्हॉट्सॲपवरून कॉपी करायची, त्यामागे एक स्पेस चिकटून यायची. डोळ्यांना दिसत नाही, पण फाईल तीही मोजायची. आम्ही जुनी माणसं हाताने टाइप करतो, म्हणून आम्हाला कधी नडलं नाही.

हौसेराव उठले ते थेट शेठच्या केबिनमध्ये. चूक पोरीची नाही, माझी आहे, असं सांगून आले. अबोली राहिली. मला हायसं वाटलं.

ते मात्र खुर्चीत बसेनात. तीन वर्षांपूर्वी याच कारणावरून ऑफिसातल्या मिथुनला काढलं होतं, त्याचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं असताना. हौसेरावांनी त्याला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगून म्हणाले, "तू बरोबर होतास रे."

"मागं स्पेस हाय म्हनून मी तवाच सांगितलेलं, काका," मिथुन शांतपणे म्हणाला. "तुमी ऐकलं नाय."

हौसेराव माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ते आठवतही नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही नव्हतं.