शिल्या लिफ्टनेच जाईल

शिल्याचे किस्से मी कधी जमवायला बसले नाही. ते त्याच्या केसांसारखे घरभर साठत गेले. कितीही झाडून काढा, सोफा सरकवला की दोन-चार निघतातच. इथे बडोद्यात, आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत, कोणीही चहाला आलं की आधी विचारतं, "शिल्याचं नवीन काय?" आणि नवीन काहीतरी असतंच.

शिल्या म्हणजे शिलेदार. वय तेरा, रंग चहाचा, एक कान उभा, एक पडलेला. नाव यांनी ठेवलं. यांचे खापरपणजोबा संस्थानाच्या फौजेत होते. पुढे घराण्यात सगळे कारकून नाहीतर इंजिनियर झाले. लढणारा म्हणावा असा आता शिल्याच उरलाय. मलाही धरलं तर दोघं.

*

शिल्या लंगडतो. म्हणजे त्याला हवं तेव्हा लंगडतो. आंघोळीची बादली सरकवल्याचा आवाज आला की पुढचा पाय उचलून असा केविलवाणा उभा राहतो की बघणाऱ्यानं मलाच रागवावं. खारीच्या दुकानाकडे वळलो की तोच पाय ठणठणीत. शेवटी एक्स-रे काढला. पुढच्या पायांत काहीही निघालं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "नक्की कुठला पाय दुखतो?"

हे म्हणाले, "काल डावा होता. आज उजवा दिसतोय."

मागचे पाय मात्र खरोखर गेलेत. सांधे झिजलेत, चार पायऱ्या चढल्या की थरथरतात. त्याचं नाटक तो कधीच करत नाही. उलट कोणी बघतंय असं वाटलं की ताठ चालतो.

*

सांध्यांसाठी रोज एक गोळी आहे. मी ती पेढ्यात घालून द्यायचे. पेढा खाल्ला जायचा, शेपूट हलायची, मी खूश. पंधरा दिवसांनी यांनी लग्नाला जायचे बूट काढले, तर डाव्या बुटात अकरा गोळ्या. चाटून स्वच्छ केलेल्या.

मग लाडवात घातली, तुपात घातली, कुटून भातात कालवली. भात तसाच राहिला. आता मी ती गोळी यांच्या ताटातल्या पोळीच्या तुकड्यात लपवते आणि यांना म्हणते, "जरा पेपर वाचा." हे पेपर उघडतात, शिल्या तुकडा पळवतो आणि एका घासात गिळतो. चोरीच्या मालाची तो तपासणी करत नाही.

*

डॉक्टरांनी वजनही उतरवायला सांगितलं होतं. जेवण अर्धं केलं. महिन्यानं काट्यावर ठेवला तर उलट अर्धा किलो वर.

"घरात गोड कोण घालतं याला?" डॉक्टरांनी विचारलं.

मी यांच्याकडे पाहिलं. रविवारी सकाळी फिरायला हे नेतात आणि रविवारीच शिल्याच्या मिशा चिकट असतात, हे मी कधीपासून हेरून ठेवलं होतं. हे शपथा घ्यायला लागले. "अगं, मी गेटवर पेपर वाचत बसतो. तो पार्किंगमध्ये एक चक्कर मारतो आणि येतो. मी त्याला बिस्किटसुद्धा देत नाही." मी विश्वास ठेवला नाही. आठवडाभर यांच्या चहात साखर घातली नाही.

*

आणि अशात नोटीस लागली. पाळीव जनावरांना लिफ्टमध्ये आणायला मनाई. महिन्याभरानं जनरल मीटिंग, तिथे ठराव पास करून नियम कायमचा. आम्ही चौथ्या मजल्यावर. सोसायटीत कुत्रा एकच. म्हणजे नियम कोणासाठी, हे सांगायला नको.

सेक्रेटरी रमणीकभाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. मी तडक गेले. ते शांतपणे म्हणाले, "भाभी, समजो ने. लिफ्ट माणसो माटे छे."

मी म्हटलं, "मग तुमचं नवीन वॉशिंग मशीन परवा जिन्यानं चढलं का?"

आतून त्यांच्या बायकोचं, विमलाबेनचं हसू ऐकू आलं. रमणीकभाईंना डायबिटीस. घरातला गुळाचा डबासुद्धा विमलाबेन कुलपात ठेवतात, आणि त्यांच्यापुढे रमणीकभाईंचं काही चालत नाही. म्हणूनच बहुतेक सोसायटीत ते आपलंच चालवतात.

*

माझी नणंद मंजू बडोद्याच्याच दुसऱ्या टोकाला, तरसालीला राहते. बैठं घर, पुढे अंगण. ती म्हणाली, "वहिनी, ठराव झालाच तर माझ्याकडे ठेव त्याला. पायऱ्याच नाहीत." बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणून आणखीच राग आला. तरी दोन दिवस ठेवून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूच्या दारात शेजारच्या कोणाला सोडायला रिक्षा थांबली. शिल्या फाटकातून निघाला, रिक्षात पुढचे पाय टेकवले, मागचं धूड कसंबसं वर ओढलं आणि सीटवर बसला. मंजूनं खारी दाखवली, पट्टा ओढला, रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. शिल्या समोर रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी मंजूच त्याच्या शेजारी बसून सुभानपुऱ्यापर्यंत आली.

रिक्षावाला मला म्हणाला, "बेन, तमारो कूतरो ऊतरतो ज नथी." आमच्या गेटशी मात्र तो आपणहून उतरला.

मी त्याच दिवशी यांना सांगितलं, "हा तरसालीला जाणार असेल तर दोन पिशव्या भरा. एक माझी."

*

मीटिंगपर्यंत नियम पाळायचा, पण सगळ्यांना दिसेल असा पाळायचा, असं मी ठरवलं. जुन्या चादरीची झोळी केली. एक टोक मी धरायचं, एक यांनी, मध्ये बावीस किलोचा शिलेदार. दिवसातून दोनदा चार मजले खाली, चार मजले वर. दम खायला आम्ही नेमके दुसऱ्या मजल्यावर, रमणीकभाईंच्या दारासमोर थांबायचो. विमलाबेन पाणी आणून द्यायच्या.

तिसऱ्या दिवसापासून शिल्या आपणच चादरीवर येऊन आडवा व्हायला लागला. आणि रमणीकभाईंचं दार आलं की एक लांबलचक कण्हायचा. बाकी कुठल्याही मजल्यावर नाही.

यांची कंबर धरली. माझा खांदा गेला. पण झोळी सोडली नाही.

*

मीटिंग रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मी शिल्याला घेऊन पहिल्या रांगेत बसले. ठराव झाला असता तर आम्हाला घर तरी बदलावं लागलं असतं, नाहीतर शिल्याला सोडावं लागलं असतं. झोळी फार दिवस निभणार नव्हती.

रमणीकभाई उभे राहिले. स्वच्छतेवर बोलले, लहान मुलांवर बोलले. मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाले, "मेरी किसी से दुश्मनी नहीं है. इस कुत्ते को मैंने आज तक हाथ भी नहीं लगाया. मेरा इससे कोई लेना-देना ही नहीं."

शिल्या उठला. मी पट्टा धरायच्या आत तो निघालासुद्धा. ताठ नाही, थरथरत्या मागच्या पायांनी, सगळ्यांसमोर. खुर्च्यांमधून वाट काढत तो भिंतीकडेच्या एका स्कूटरपाशी गेला, डिकीला नाक लावलं, खाली बसला आणि रमणीकभाईंकडे बघत पुढचा पंजा वर केला.

"हट्, हट्," रमणीकभाई म्हणाले.

शिल्यानं पंजा बदलला आणि एकदाच भुंकला.

विमलाबेन तिसऱ्या रांगेतून उठल्या. नवऱ्यापुढे हात केला. "चावी."

डिकीतून कागदाचा पुडा निघाला. वर फाफडा, खाली जलेबी. कागदाला पाक सुटला होता, अजून वाफ येत होती. चाळीस माणसं माना उंचावून बघत होती. विमलाबेननी पुड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग वाकून शिल्याच्या मिशांवरून बोट फिरवलं.

मग त्यांनी पुडा पदराखाली घेतला आणि जिन्याकडे बोट दाखवत नवऱ्याला म्हणाल्या, "लखी लो ठरावमां. कूतरो लिफ्टमां जशे. तमे दादरेथी."