उघड्या डोक्यानं नदीत

देवावरचा माझा विश्वास आफ्रिकेत उडाला, आणि तिथेच एका नदीकाठी परत आला. पनवेलमध्ये शेजारीपाजारी मला देवभोळा म्हणून चिडवतात. चिडवोत बापडे, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. मी फौजेत हवालदार होतो आणि आमची तुकडी अनेक देशांच्या शांतिसेनेत गेली होती. यादवीने पोखरलेला देश, निळी हेल्मेटं घातलेले आम्ही, आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. एका देशाचा अधिकारी पुढे चला म्हणे, दुसरा वरून हुकूम येईपर्यंत थांबा म्हणे. गोळी कधी झाडायची याचेही प्रत्येकाचे नियम वेगळे. तोवर गावं जळून जात. एका गावात पोचलो तेव्हा विझवायलाही काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हात जोडणं सोडलं.

त्याच गावातून वाचलेल्या बायका-मुलांचे दोन ट्रक आम्ही छावणीकडे नेत होतो. वाटेतला पूल उडवलेला, बंदूकवाले मागावर. अंधारापूर्वी पलीकडे गेलो नाही तर त्या मुलांचं काय होईल, हे सगळ्यांना कळत होतं. नदीला उतार कुठे आहे, असं दुभाष्याने काठावरच्या लोकांना विचारलं. त्यांनी नुसत्या माना हलवल्या. कुठल्याच वर्दीने त्यांचं कधी भलं केलं नव्हतं, त्यांना दोष कसा देणार?

शेवटी चाकांच्या जुन्या खुणा जिथे पाण्यात उतरत होत्या, तिथूनच जायचं ठरलं. मी पनवेलजवळच्या आपटा गावचा, पाताळगंगा नदीत पोहत वाढलेला, म्हणून काठी घेऊन खोली बघायला मला पुढे काढलं. पाण्याशी आलो आणि पाय अडला. लहानपणी आई दटावायची, "आदी डोक्याला पानी लाव, मंग पाय टाक. गंगा हाय ती, नाला नाय." मी बूट काढले. हेल्मेटही काढलं, जे काढायचं नाही असा सक्त हुकूम होता. परक्या देशाचा कॅप्टन मागून ओरडला. श्रद्धा कसली हो, नुसती सवय. ओंजळभर पाणी डोक्याला लावलं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी तरातरा आली आणि तिने माझं मनगट धरलं. हे तुला आईने शिकवलं का, असं ती विचारत असल्याचं दुभाष्याने सांगितलं. मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, इथे उतरू नका, सुरुंग पेरलेत. तिने स्वतः वाकून कपाळाला पाणी लावलं आणि मला बरंच वरच्या अंगाला नेऊन नदीत उतरवलं. कमरेएवढ्या पाण्यातून ती पुढे, मी मागे, आणि आमच्या मागून ते दोन ट्रक. सगळी मुलं उजेड असतानाच पलीकडे पोचली. पुढे त्या जुन्या वाटेवर खरंच सुरुंग सापडले. पहिला, मी उभा होतो तिथून चार हातांवर होता.

सुटीवर आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती वाल सोलत होती. तिला जराही नवल वाटलं नाही.

"गंगा सगलीकडं हायच," ती म्हणाली. "पन त्या बायच्या पाया पडलास ना?"

पडलो नव्हतो. पलीकडे पोचताच हुकूम आला, हेल्मेट घाला, चला. मी घातलं आणि चालू लागलो.

आई आता नाही. इतक्या देशांच्या बंदुका पाठीशी असून वाट मिळाली नव्हती. देवाला ती द्यायची होती, मी फक्त वाकायचं होतं. आजही मी पनवेलच्या स्टँडवरून एसटी धरून आपट्याला जातो. पहिली ओंजळ गंगेची. दुसरी भरण्याआधी काठावर डोकं टेकतो आणि त्या म्हातारीला करायचा राहून गेलेला नमस्कार करतो.